रामनामाच्या पाठीवरची जहाजे

॥ श्रीराम ॥

मी, सौ. सत्यवती मधुकरराव वैरागडे, वय ५६, मॅट्रिक, राहणार महाल, नागपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे. लिहायचे कारण एवढेच, की येत्या मंगळवारी मी जहाजावर चढणार! माझा मुलगा श्रीधर जहाजावर इंजिनीअर आहे. कप्तानाने त्याला मुंबई ते कोचीन आईला सोबत न्यायची परवानगी दिली. अंबाझरी तलावापेक्षा मोठे पाणी मी अजून पाहिलेले नाही.

१. शिलाई मशीन व पोस्टातील शिल्लक श्रीधरला. मशीनला खोबऱ्याचे तेल घालू नये.

२. देव्हारा माझी लेक प्रमोदिनी, काटोल, हिला.

३. श्रीधरला पत्र लिहायचा कंटाळा. तो दोन-दोन मिनिटांत पेन्सिलीने काढलेली चित्रे पाठवतो. शेगडीला तारेने बांधलेले पातेले आणि त्यालाच धरून उभा आचारी. हातोडीने गंज झाडणारे खलाशी. दाढी करणारा एक जण, एका हाताने खांब धरलेला. मागची बाजू कोरी. एवढा चांगला कागद वाया जाऊ देववेना, म्हणून मी त्यावर रामनाम लिहीत गेले. चूक माझीच.

४. कारण लिहिलेले रामनाम आमच्याकडे कन्हान नदीत शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात. गेल्या रामनवमीला माझ्या नणंद इंदुताई गठ्ठा उचलून गेल्या आणि एकेचाळीस चित्रे शिरवून आल्या. वर मलाच म्हणाल्या, "वहिनी, रामाचं नाव रामाले पोचलं, काहून रडून राहिल्या?"

"मागच्या बाजूले माझं पोरगं होतं ना, इंदुताई!"

उरलेली तेवीस चित्रे प्रमोदिनीची. माझ्यामागे एकही कागद पाण्यात जाऊ नये. दोष लागलाच तर माझ्या माथी; वर गेल्यावर रामाला मी समोरासमोर समजावीन.

५. बुडालेली एकेचाळीस मी स्वतः भरून आणणार. दोन पेन्सिली, रबर व कोरी वही पेटीत टाकली आहे. श्रीधर लिहितो, "आई, हात हलला तरी चालते, इथे सर्वांचाच हलतो." जमतील तशी तीही प्रमोदिनीची. या खेपेस मागची बाजू कोरी राहील. रामनाम डेकवर उभी राहून मोठ्याने घेईन.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून इंदुताईंना साक्षीदार केले आहे.

नागपूर, दि. ६ जानेवारी १९७८
सही: सौ. सत्यवती वैरागडे

साक्षीदार:
१. गोपाळराव भोयर, वकील
२. इंदुताई गोतमारे. वाचलं. एकही कागद शिरवणार नाही. पण वहिनी, वापस आल्या आल्या एक चित्र मले देजा, मरायची वाट कोण पाहते!