दमणच्या दाराबाहेरचा बाक

आदरणीय नाना,

'आदरणीय' हे सवयीनं लिहिलं गेलं. आता खोडत नाही, खाडाखोड मला आवडत नाही.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. उत्तरकार्याला, गंधमुक्तीच्या जेवणाला मी आलो होतो, शेवटच्या रांगेत बसलो आणि जेवूनही गेलो. तेव्हा तुमच्याबद्दल बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. आता आहे, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात मंडळाची मीटिंग झाली. यंदाचा गणपतीचा देखावा नानांच्या स्मरणार्थ करायचा, असं सर्वानुमते ठरलं. विषय कोणता? दमणचा किल्ला! नानांचा आवडता. आणि बनवणार कोण? दोंडाईचात प्लायवूड, कापड आणि रंग यांतून किल्ला उभा करणारा माणूस एकच उरलाय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दीपगृह, लागला का दिवा?"

बावीस वर्षं झाली नाना, आणि तो दिवा अजून विझलेला नाही!

आठवतं ना तुम्हाला? दमणची सहल करून तुम्ही आला होतात, शाळेतून निवृत्त झाल्यावरची पहिली सहल. मंडळाचे अध्यक्ष तुम्ही आणि पेंटर मी. तुम्ही मंडपाच्या फरशीवर खडूनं काढून दाखवलंत: "हे दार. दाराच्या दोन्ही अंगांना दोन राक्षस. दाराच्या बरोब्बर डोक्यावर दीपगृह. आत शिरलं की समोर थेट समुद्र!" मी तीन वेळा विचारलं, "नाना, दीपगृह दारावरच ना?" तुम्ही खडू फेकलात. "अरे, मी आत फिरून आलोय. तू नंदुरबारच्या पुढं गेलायस का कधी?"

नव्हतो गेलो. म्हणून तुम्ही सांगितलं तसंच केलं. टेबलफॅनची मोटर काढून दीपगृहाचा दिवा फिरता केला. आतमध्ये निळ्या कापडाच्या लाटा केल्या. लोक तोंडात बोटं घालत होते.

मग स्पर्धेचे परीक्षक आले. दमणला तीन वर्षं नोकरी केलेला माणूस! दारात उभे राहिले आणि हसायला लागले. "दीपगृह नदीच्या पलीकडे, मोटी दमणला. हे दार अलीकडे, नानी दमणला. दोन गावं एकत्र कुणी शिवली?"

माइक तुमच्या हातात होता. एकच वाक्य बोलायचं होतं. तुम्ही काय बोललात?

"मी सांगितलं होतं बरोबर. आमचा पेंटर पडला नववी नापास, त्यानं मनाचं घातलं."

सगळा चौक हसला. पहिल्या नंबरची ढाल शेजारच्या गल्लीत गेली, आणि त्या दिवसापासून मी 'दीपगृह' झालो. पानटपरीवर, लग्नात, अंत्ययात्रेत. माझ्या मुलीला शाळेत 'दीपगृहची पोरगी' म्हणत, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

आणि एक तपशील राहिला. मी नववी नापास नाही. मी नववी पास आहे. दहावीला बसलो नाही, कारण वडील अंथरुणाला खिळले. पास आणि नापास यांतला फरक तुम्हाला कळू नये? पस्तीस वर्षं निकाल लिहिलेत तुम्ही!

तर मीटिंगमध्ये मी हो म्हणालो. पण एक अट घातली. म्हटलं, "आधी मी जाऊन पाहणार. ऐकीव वर्णनावर किल्ला बांधायचा नाही."

आपल्याकडचे लोक दमणला कशासाठी जातात हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी गेलो टेप, ओळंबा आणि वही घेऊन. सोबत ही होती. दोंडाईचाहून सुरत, सुरतेहून वापी, तिथून रिक्षा. हॉटेलच्या पोऱ्यानं खोलीत पाण्याचा जग ठेवला आणि डोळा मिचकावून विचारलं, "साहेब, ग्लास दो?" मी विचारलं, "शिडी आहे का?" तो आमच्याकडे परत फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी गेलो, आणि नाना, ते दार समोर आलं.

दोन राक्षस आहेत. तेवढं तुमचं बरोबर. जे बरोबर ते बरोबर, मी ते वहीत पहिल्या ओळीवर लिहिलंय. दाराच्या वर मात्र दीपगृह नाही. तिथं ख्रिश्चनांच्या एका संताचा पुतळा आहे. राक्षसांच्या खांद्यापर्यंत माझी टेप पोचेना, म्हणून हिला त्यांच्याशेजारी उभं केलं. हिची उंची पाच फूट एक इंच. फोटो काढला की बाकीचं माप घरी बसून निघतं.

"मी काय फूटपट्टी आहे का?" ही म्हणाली. "लोक बायकोला समुद्र दाखवायला आणतात."

"समुद्र कुठं पळतोय? हलू नको."

"तुमचे नाना मेले तरी तुम्हाला कामाला लावून गेले."

नंतर आत गेलो. आत चर्च आहे आणि त्यांचं कब्रस्तान. पांढरे क्रूस, शेवाळलेले दगड, दगडांवर नावं. समोर थेट समुद्र? छे! समुद्र पाहायचा तर तटावर चढावं लागतं. जो माणूस एकदा आत गेलाय, तो कब्रस्तान विसरेल का? आणि तुम्ही त्याचं नाव कधी काढलं नव्हतं. एकदाही नाही.

मी परत बाहेर आलो. दारासमोर नदीकडे तोंड केलेला एक बाक आहे, त्यावर बसलो. मागं मान वळवली की दोन राक्षस. पुढं पाहिलं की नदीपलीकडे, मोटी दमणच्या तटामागे, दीपगृह. एवढंच दिसतं तिथून, आणि तुम्ही खडूनं काढलं होतं तेही नेमकं एवढंच! मागचं दार आणि पुढचं दीपगृह एकत्र केलंत, आतलं मनानं भरलंत.

तुम्ही आत गेलाच नव्हतात! बाकावर बसून होतात!

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. हिला वाटलं ऊन लागलं. मनात मी तिथंच पाटी रंगवली, चार बाय सहाची, लाल अक्षरांत: 'मागील देखाव्यातील चूक कै. नानांची होती. ते किल्ल्यात गेलेच नव्हते.' उद्घाटनाला ती माइकवर मीच वाचणार. ज्या चौकात हसले, त्याच चौकात.

पण अर्धवट पुराव्यावर मी पाटी रंगवत नाही. तुम्ही आत का गेला नाहीत, हे कळायचं राहिलं होतं. म्हणून आज सकाळी तुमच्या घरी अक्कांकडे गेलो; नवऱ्याबरोबर त्या सहलीला त्याही होत्या. फोटो दाखवले. कब्रस्तानाचा फोटो आला तशा अक्का थांबल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या,

"दिलीप, तुले खरं सांगू का? त्या मझार गयातच नहीत. आम्ही बठ्ठा मझार गऊत, त्या बाहेर बाकवर बसनात. मझार मसणवट शे म्हने. मंग आंग धोवानं पडी."

म्हणजे बाकीचे सगळे आत गेले आणि तुम्ही बाहेर बाकावर बसलात. आत मसणवट आहे, गेलं तर अंग धुवावं लागेल! नाना, तुम्ही? जे मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढं जायचे, ते तुम्ही?

माझे वडील वारले तेव्हा मी डोकं भादरलं होतं. तुम्ही दारावर आलात आणि माझ्या मामांसमोर, आईसमोर म्हणालात, "केस गेले, अंधार तसाच राहिला." आई तेव्हा नुसती खाली पाहत होती. दीपगृहाचं मी कदाचित विसरलोही असतो. हे नाही विसरलो. विसरणारही नाही.

मला स्मशानाचं पाळायची लाज वाटत नाही. दमणलाही कब्रस्तानातून आल्यावर आम्ही दोघांनी हॉटेलात आंघोळ केली आणि मगच जेवलो. विषय संपला. एक बादली पाण्याचा प्रश्न होता नाना! बाहेर बसलात, तेही मान्य. पण 'मी आत गेलो नव्हतो' एवढं माइकवर म्हटलं असतंत तर कुणी का विचारलं असतं? आणि समजा विचारलं असतं, तर थोडे हसले असते तुम्हाला. चार दिवस. तुम्ही ते चार दिवस वाचवायला माझी बावीस वर्षं दिलीत.

उठताना अक्का म्हणाल्या, "कोनले सांगू नको रे. लोके हासतीन."

माझी चार बाय सहाची पाटी तिथंच पुसली गेली. अक्कांनी माझ्या आईला बाळंतपणात जेवू घातलंय. त्यांच्या तोंडचं वाक्य मी माइकवर नेणार नाही. शब्द दिला. पण शब्द मी अक्कांना दिलाय. तुम्हाला नाही.

आता माझं ऐका. देखावा होणार. नदी मधोमध वाहणार. दीपगृह नदीपलीकडे उभं राहणार, जिथं आहे तिथं, आणि दिवा त्याच जुन्या मोटरवर फिरणार. ती मी फेकली नव्हती. आत चर्च आणि कब्रस्तान, क्रूस मोजून तितकेच. लोक दारातून आत जातील, फिरून दुसरीकडून बाहेर पडतील. सगळा गाव आत जाईल. अक्कासुद्धा.

आणि दाराच्या डाव्या हाताचा राक्षस, त्याचं तोंड तुमचं असेल. कागदाच्या लगद्यात करतोय. कानाजवळचा तीळ, नाकावरचा चष्म्याचा वळ आणि 'नापास' म्हणताना उजवी भुवई वर जायची ती. हुबेहूब. पाटीवर 'राक्षस' नाही लिहिणार, 'द्वारपाल' लिहीन. मंडळ खूश होईल, तुमचा मुलगा पुण्याहून येऊन हार घालेल, सगळे म्हणतील, दिलीपनं नानांना काय मान दिला! दहा दिवस गाव तुमच्या बाजूनं आत जाईल आणि तुम्ही दारातच उभे राहाल. बाहेर.

पायाशी मी एक बादली ठेवणार आहे. पाण्यानं भरलेली, वर तांब्या. लोकांना वाटेल पाय धुवायला आहे. रोज सकाळी पाणी मी स्वतः बदलीन.

आयुष्यात पहिल्यांदाच एक तपशील मी जाणूनबुजून चुकवतोय. परीक्षक पुन्हा तसाच जाणकार निघाला आणि तो म्हणाला, "पेंटर, त्या राक्षसाचा चेहरा असा नाही," तर माइक माझ्या हातात असेल. मी म्हणेन, "बरोबर बोललात. चूक माझी आहे."

तुमच्याकडे पाहून म्हणेन, नाना. ऐकून ठेवा. तीन शब्द आहेत.

आपला,
दिलीप पेंटर
नववी पास