परत मागितलेला मेल

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं, पाठवलेला मेल परत घेता येतो का, आणि मला तुमचं पिंपळगावचं पॅकहाउस आठवलं.

द्राक्षांचा हंगाम भरात होता. मी नाशिक रोडहून एसटीने यायची, परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार आणि पेट्यांची लेबलं बघायची. लग्नानंतर घरात सगळ्यांशी भांडून मिळवलेली ती नोकरी. त्या दुपारी पेट्यांवर चुकीची लेबलं लागली, भरत आलेला कंटेनर रिकामा करावा लागला, आणि पॅकिंगच्या बायकांसमोर तुम्ही मला म्हणालात, "एवढं शिकून साधं लेबल वाचता येत नाय?" तुम्ही जेवायला घरी गेलात आणि मी टेबलाशी बसून तुम्हाला मेल लिहिला. नोकरी सोडते आहे. तुम्हाला माणसांपेक्षा पेट्यांची काळजी जास्त. पाठवलाही. मग घर आठवलं. सासूबाई "मी म्हटलंच होतं" एवढंच म्हणाल्या असत्या, पण ते मला ऐकवलं नसतं. कॉम्प्युटरवर मेल मागे घ्यायची सोय होती, तिथे मी क्लिक केलं. पहिला मेल जागचा हलला नाही. उलट, मी तो परत मागते आहे असा दुसरा मेल तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर गेला.

तुम्ही जीपमधून उतरता आणि थेट माझ्यासमोर खुर्ची ओढून बसता.

"ताई, तुमचे दोन मेल आले. एकात म्हणता सोडते, दुसऱ्यात म्हणता पहिला परत द्या. मी खरा कोणता धरू?"

मी म्हणते, "दोन्ही."

तुम्ही हसत नाही. "ते पेट्यांचं लिहिलं, ते मनापासून?"

"हो, अण्णा."

"मग तेवढं नका परत घेऊ. ते मला लागलंय, लागू द्या. नोकरीचं मी वाचलंच नाय."

आणि उठून तुम्ही शेडमध्ये गेलात. बायकांचे हात थांबवून म्हणालात, "लेबलं बदलायचं मी सकाळी ठरवलं आणि यांना सांगायचंच राहिलं. मघाशी बोललो ते माझं चुकलं." एक म्हातारी बाई म्हणाली, "मग चहा सांगा, अण्णा." चहा आला.

मालकाने कामावरच्या माणसासमोर अशी चूक कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती. मी तुमच्याकडे राहिले, पुढे कितीतरी हंगाम. भांडलेही, पण समोरासमोर. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत. कधी उगाच कुणाला बोलले, तर ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्याचसमोर चुकलं म्हणते. दर वेळी जड जातं, आणि दर वेळी तुमची आठवण येते.

शेवटी तुम्ही नाशिकला दवाखान्यात होतात. डोळे न उघडता विचारलंत, "यंदा माल कसा?" मी म्हटलं, "चांगला, अण्णा. कंटेनर वेळेवर गेले." त्या वर्षी अवकाळी पावसाने बागांची पार माती केली होती. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून सांगते. मी खोटं बोलले, आणि ते मला परत घ्यायचं नाही.