नकाशावरची जागा

चिमणे,

फोनवर तुला सगळं ठीक आहे म्हणालो, ते तितकंसं खरं नव्हतं.

काल संध्याकाळी फाटकाबाहेर रस्त्यावरच्या दिव्याची तार तुटून पडली. मला दिसत नसलं तरी तिचं चरचरणं ऐकू येत होतं. तुझी आई औषधं आणायला गेली होती आणि मोबाइल घरीच विसरली होती. नगरपालिकेला फोन लावला, तर "तक्रार फक्त ॲपवर नोंदवा," एवढंच रेकॉर्डिंग. ॲप उघडलं. फोन वाचू लागला, "नकाशावर जागा दाखवा." बोट फिरवलं की नुसतं "चित्र, चित्र" म्हणायचा. पुढे जाताच येईना.

मग दारात उभा राहून ओरडत राहिलो, "इकडे येऊ नका, तार पडलीय." तेवढ्यात तुझ्या आईच्या चपला वाजल्या. मी ओरडलो, "थांब."

ती थांबली. मग शेजाऱ्यांच्या फोनवर तिनेच जागा दाखवली आणि नगरपालिकेची माणसं आली.

"झालं ना आता? बसा बघू," ती म्हणाली. पण मला एकच प्रश्न सुटत नाही. उद्या हीच घरात पडली, तर ती जागा मी कशी दाखवू?

हे कळलं तर तू आम्हाला न्यायला येशील. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुझे,
बाबा