प्रयोगशाळेची दुसरी किल्ली

मी, वय सत्तावन्न, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. उद्या सकाळी हृदयाची शस्त्रक्रिया आहे, एवढेच.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. आईच्या बांगड्यांवरून तिने सहा वर्षे अबोला धरला. बांगड्याही तिलाच. अबोला मात्र परत घ्यावा.

२. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी दिलेले फाउंटन पेन विज्ञानाच्या बाईंना. सिस्टर म्हणत, चूक पेन्सिलीने लिहू नकोस, पुसावीशी वाटते.

३. टेबलावरची घंटा उपमुख्याध्यापकांना. "बाई, शाळा चालवताय की पाळणाघर?" असे ते भर सभेत विचारत. तेव्हा मी नुसती हसे. उत्तर आता देते: दोन्ही.

शिपाईमामांना काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही देता येत नाही. त्यांनी गाल फुगवू नयेत.

४. सातवीतली एक मुलगी चिडवाचिडवीला घाबरून मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसे. माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने मी तिला प्रयोगशाळा उघडून देऊ लागले. विज्ञानाच्या बाईंना सांगितले नाही. त्या नियमावर बोट ठेवतील, असे वाटले. खोलीला कुलूप आहे या भरवशावर त्यांनी आम्लाची बाटली टेबलावर ठेवली. मुलीचे मनगट भाजले. बाई निलंबित झाल्या. मुलगी माझे नाव कोणालाच सांगत नाही. अकरा दिवस मीही सांगितलेले नाही. सात महिन्यांवर आलेला माझा निवृत्तीचा निरोपसमारंभ आडवा येत होता. माझ्या पश्चात हे कलम संस्थेला वाचून दाखवावे.

सहीपूर्वीची नोंद: कशावर सही करायची ते ऐकू द्या, असे शिपाईमामा म्हणाले. मी सगळे वाचून दाखवले.

"बाई, हे तुम्ही गेल्यावर उघडणार ना?" त्यांनी विचारले. "त्या बाईंची चौकशी तर उद्याच आहे." मग म्हणाले, "आणि तुम्ही बऱ्या होऊन आलात तर?"

दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या शिवणकाकू, खाली बघत चष्मा पुसत राहिल्या.

कलम चार रद्द. तोच मजकूर सिस्टरच्या त्याच पेनने वेगळ्या कागदावर लिहून सही केली आहे. आज चार वाजता संस्थेचे कार्यालय बंद होईल. त्याआधी तो कागद आणि ती किल्ली मी स्वतः नेऊन देत आहे. कलम दोन कायम. पेन घ्यायचे की नाही, ते बाईंनी ठरवावे.

साक्षीदार: शिपाईमामा (सही), शिवणकाकू (सही)
स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: चौकशीचा आदला दिवस, दुपारी अडीच

सही:
मुख्याध्यापिका, चार वाजेपर्यंत