काकांच्या कपाळावरचं पाणी

प्रिय बटण,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले, पण उत्तर लिहायला हात धजेना. काकूंना तू आमच्याच वॉर्डात आणते आहेस. शेवटच्या दिवसांत मीच त्यांच्या उशाशी असावं, असं तुला वाटतं. कारण तुझ्या बाबांना, काकांना, शेवटच्या दुखण्यात मी पोटच्या लेकीसारखं सांभाळलं. वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

आठवतं, रविवारच्या शाळेत बाईंनी आम्हाला शिकवलं होतं की प्रभूला वधस्तंभावर खिळल्याचं पाप ज्यूंच्या लेकराबाळांनाही लागतं? मी अकलेचा कांदा, तुम्ही ज्यू म्हणून थेट काकांच्या शिंप्याच्या दुकानात येऊन तुला ते ऐकवलं. तू रडलीस. काकांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाले, "पोरी, तो शुक्रवार होता ना? माझं दुकान शनिवारी बंद असतं. शुक्रवारी गिऱ्हाईक सोडून मी कशाला जातोय तिकडे?" मग माझा उसवलेला फ्रॉक शिवून दिला. मी हसले खरी, पण भीती मनात घर करून बसली. इतका भला माणूस नरकात जाणार, हे मला सोसवत नव्हतं.

आमच्या चर्चचे आत्ताचे पाळक सांगतात, बापाचं पाप लेकराला लागत नाही. ज्याचा जाब त्यानेच द्यायचा. ऐकून हायसं वाटायला हवं होतं. उलट माझी झोपच उडाली.

कारण त्या शेवटच्या दुपारी तू औषध आणायला खाली गेलीस. काका शुद्धीवर नव्हते. मरणाआधी बाप्तिस्मा झाला तर माणूस तरतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांच्या पेल्यातलं पाणी मी तीनदा त्यांच्या कपाळावर लावलं, बाप्तिस्म्याचे शब्द पुटपुटले. अंगावर नर्सचा गणवेश होता. तू आलीस तेव्हा मी कपाळ पुसत होते. घाम आलाय, असं मी तुला म्हणाले. तू माझे हात धरून रडलीस.

काकूंना माझ्या हाती सोपवण्याआधी तुला हे कळायलाच हवं. हे पाप मला कुणाच्या वारशाने आलेलं नाही, माझं एकटीचं आहे. तू नको म्हणालीस तर मी त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. आणि आता खरं ते सगळंच लिहिते. काका शुद्धीवर नव्हते, असं मी वर लिहिलं. गेली सहा वर्षं स्वतःलाही तेच सांगत आले. पहिलं पाणी लागताच त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तरी मी आणखी दोनदा पाणी लावलं.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
बडबडी