भाकसाचा डोळा

ब्राह्मणपारा, रायपूर
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शर्मिष्ठा नातीस विनोदिनी आजीचा आशीर्वाद, वि. वि.

फोनवर बोलली की इथं मुक्कामाले आलेली तुझी सासू कान लावते, म्हणून लिहून राहिली. तू माझ्यापाशी ठेवलेल्या लेकीचा, निधीचा, डावा डोळा नाकाकडे सरकून राहिला. पोट्टी खेळते, खाते, पण मले दिसते. सासू म्हणे, पोटुशी असताना तू ग्रहणात मासे चिरले, त्याचं हे फळ. मी विचारलं, मग तुमचा यशदीप असा काहून निपजला, तुम्ही काय चिरलं होतं?

पण तू तिकडे ज्याचा अभ्यास करून राहिली, त्या भाकस माशाचाही डोळा सरकते म्हणे. मग तो परत जागेवर येते का? खरं लिही, लाडीगोडी नको.

तुझी आजी

रत्नागिरी
१६ नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भाकस चपटा मासा. पिल्लू असताना सरळ पोहतो, दोन्ही बाजूंना एकेक डोळा. मग एक डोळा डोक्यावरून निघतो. बाकी चपट्या माशांचा पार पलीकडे जातो, याचा कपाळाच्या धारेवरच थांबतो. मग हा तळाच्या वाळूत, चिखलात लपून पडतो. तरी मधूनच उभा पोहतो. डोळा मात्र परत येत नाही.

पण निधी मासा नाही ना गं. यशदीप म्हणतो, लहान आहे, आपोआप ठीक होईल. डिसेंबरात मी आले की दाखवू. ग्रहणाचं तू मनावर घेऊ नकोस. मी घेतलंय. निधीसाठी भाकसाचं चित्र पाठवते.

माया आहे तशी ठेव.
तुझी शर्मिष्ठा

रायपूर
२४ नोव्हेंबर

चि. शर्मिष्ठास आशीर्वाद.

तुझा डिसेंबर गेला चुलीत. पोट्टीले रिक्षात घालून मी डोळ्याच्या डॉक्टरणीकडे नेलं. ती म्हणे, वाट पाहत बसल्या असत्या तर हा डोळा पाहणंच विसरला असता. ग्रहण-बिग्रहण काही नाही. चष्मा दिला, अन् चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळा कामाले लागते. तो किती पाहते, तेही पट्टी टिकली तरच समजेल म्हणे.

पोट्टी पट्टी ओरबाडून फेके. मग मी माझ्याही डोळ्यावर एक चिकटवली. आता दोघी काण्या. काल दुधाचं पातेलं लवंडलं, तुझी सासू हात जोडून घरी गेली.

आज चांगल्या डोळ्यावर पट्टी असतानाच तुझं चित्र तिच्यापुढे ठेवलं अन् विचारलं, मासा कुठून पाहते. मग बोट फिरवत फिरवत तिनं बरोबर कपाळाच्या धारेवर ठेवलं अन् म्हणे, हव, इथून.

मी चित्र उलटं धरून पुन्हा विचारलं. बोट खाली सरकलं अन् पुन्हा माशाच्या त्याच डोळ्यावर.

रडत बसू नको, ये. येताना मासा आणू नको. लोभ आहेच, लिहून वाढत नाही.

तुझी आजी