एकविसावं मत

तारकर्ली,
सोमवार

प्रिय दाऊद,

आधी आकडा सांगतो, मग खुशाली. एकवीस. एकेचाळीसपैकी एकवीस. तुझी बहीण रुकय्या काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आपल्या रापणीची प्रमुख झाली आणि ती मतमोजणी मी केली. तिने तुला फोनवर कळवलं असेलच, पण तो नुसता निकाल. मोजणी कशी झाली ते तिला सांगता यायचं नाही, कारण तिसऱ्या फेरीला ती डोळे मिटून बसली होती. मस्कतचा पत्ता तिच्याकडूनच घेतला. कशाला हवा, हे तिने विचारलं नाही. बारा वर्षांनी माझं नाव बघून तू पाकीट न उघडता बाजूला ठेवशील असं मनात आलं, म्हणून पाठवणाऱ्याची जागा कोरी सोडलीय. आत घडी घातलेला एक कागद आहे, तो पत्र संपल्यावरच उघड. क्रम महत्त्वाचा आहे, ते पुढे कळेलच.

इथलं अर्धं तुला ठाऊक असेल. शिवा बारा वर्षं प्रमुख होता, पण पंधरा मतांचा प्रमुख. उरलेल्या सव्वीस जणांना तो कधी आपला वाटलाच नाही. होडी कधी लोटायची, जाळं कुठे सोडायचं, लिलाव कोणी पुकारायचा, प्रत्येक गोष्टीला पाठीमागे कुजबुज. या मे महिन्यात मामला इथवर आला की जाळं मधोमध कापा आणि दोन रापणी करा. तू आणि मी पंधराव्या वर्षापासून त्या दोरांना हात लावलेला, तुला काय सांगायचं. वीस जण या टोकाला, वीस त्या टोकाला, आणि दोन्हीकडून सारखं ओढलं तरच मधली मासळी किनाऱ्याला लागते. अर्ध्या जाळ्यात काय येणार, शेवाळ. तरी माणसं हट्टाला पेटली होती. नारळी पौर्णिमेच्या आत निम्म्याहून जास्त लोकांना मान्य असा प्रमुख मिळाला नाही तर कोयता चालणार, हे ठरूनच गेलं होतं.

तेव्हा मी बैठकीत उभा राहिलो आणि पसंतीक्रमाची पद्धत मांडली. तू म्हणशील, नववी नापास माणसाला हे कुठून सुचलं. इंजिनं जशी शिकलो तसंच, उघडून बघितलं म्हणून. पदवीधरांच्या निवडणुकीला माझी जीप भाड्याने लावली होती. त्या निवडणुकीत मला मत नाही, मी पदवीधर नाही, पण पदवीधरांना नेऊन आणायचं काम चालतं. गाडीत शर्मिष्ठा नावाच्या एक शिक्षिका होत्या. प्रशिक्षणाहून परतताना त्यांनी मोजणीची पुस्तिका वैतागून सीटवर टाकली, आणि उतरताना ती तिथेच राहिली. मी तीनदा वाचली. चौथ्यांदा वहीत उतरवून काढली. दुसऱ्या खेपेला पुस्तिका परत करताना बाईंना मतं एकाकडून दुसऱ्याकडे कशी जातात ते मीच समजावलं. त्यांनी विचारलं, तुमचं शिक्षण काय. मी सांगितलं, आउटबोर्ड इंजिन.

रापणकरांना समजवायला मात्र पुस्तिका उपयोगाची नव्हती. मी म्हटलं, बाजारात जाणाऱ्याला बायको काय सांगते? सुरमई बघा, नसली तर पापलेट, तेही नसलं तर बांगडा. सुरमई मिळाली नाही म्हणून कोणी रिकामी पिशवी घेऊन घरी येतो का? तसंच आपलं मत. पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीकडे जातं, आणि जाताना आटत नाही, अख्खंच्या अख्खं जातं. बाबू उभा राहून म्हणाला, "आणि बांगडोय नाय गावलो तर?" मागून कोणीतरी ओरडलं, "मगे डाळ!" शेड हसून हसून पडली आणि मला कळलं की आता हे लोक शिकले. ज्या कागदावर पुढची पसंतीच नाही त्या कागदाला तेव्हापासून इथे डाळ म्हणतात. मी सतरा नियम लिहिले, ते सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी मंजूर झाले. मालवणात जाऊन एकाच रंगाची, जांभळी स्केचपेनं आणली, म्हणजे शाईवरून कोणाचा कागद ते ओळखता येऊ नये. आणि मी स्वतः उभा राहिलो नाही. मोजणाऱ्याने उभं राहायचं नसतं.

उमेदवार चार, वर्णानुक्रमाने बाबू, रुकय्या, शिवा, सुशांत. बाबूला तू ओळखतोस. सुशांत म्हणजे तुझ्या मागच्या वाडीतला, तू गेलास तेव्हा शाळेत होता, आता होडीवर ड्रायव्हर आहे. काल सकाळी मासळीचे चार क्रेट धुऊन, पुसून, प्रत्येकावर नाव चिकटवून ओळीने मांडले. एकेचाळीस कागद, एकही अवैध नाही, हे मुद्दाम लिहितो. कोटा असा काढायचा: वैध मतं भागिले दोन, अपूर्णांक सोडून द्यायचा, अधिक एक. साडेवीस, म्हणून वीस, अधिक एक, एकवीस. पहिली फेरी: शिवा पंधरा, रुकय्या अकरा, सुशांत दहा, बाबू पाच. शिवाची माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी हात वर केला आणि म्हटलं, पंधरा म्हणजे एकवीस नव्हे. दाऊद, हे वाक्य बोलायला मी बारा वर्षं थांबलो होतो.

बाबू बाद. त्याच्या क्रेटमधले पाच कागद एक एक करून उचलले, दुसरी पसंती मोठ्याने वाचली आणि त्या त्या क्रेटमध्ये टाकले. तीन रुकय्याला, एक शिवाला, एक सुशांतला. बाबू प्रत्येक कागदाला निरोप दिल्यासारखा हात हलवत होता. आता शिवा सोळा, रुकय्या चौदा, सुशांत अकरा. सुशांत बाद. इथे बाहेर कावळा क्रेट टोचत होता तेही शेडमध्ये ऐकू येत होतं. पहिले तीन कागद ओळीने शिवाला गेले. शिवा एकोणीस. मी आवाज सारखा ठेवला. मग रुकय्या, रुकय्या, रुकय्या, मध्ये एक डाळ, पुन्हा रुकय्या, रुकय्या, रुकय्या. वीस. शेवटचा कागद राहिला. मी तो उघडला, तीन वेळा बघितला आणि वाचला. रुकय्या. एकवीस. शिवाने सगळे कागद स्वतः परत मोजले, मी त्याला मोजू दिले, तो त्याचा हक्क होता. मग त्याने कमरेची जाळ्याच्या खोपीची किल्ली सोडली, तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "पंधरा मतांची चावी वजनाक हलकी लागा होती गो." एवढं बोलून तो कोयता आधी आपल्या घरी घेऊन गेला, म्हणजे कोणाला अवदसा आठवायला नको. जाळं अख्खं राहिलं.

आता जे लिहितो ते रुकय्यालासुद्धा सांगू नकोस. माझी आई, सीता, बाबांच्या मागे त्यांच्या जागी सभासद आहे, म्हणजे ती मतदार. गुडघ्यामुळे ती सुरमई-पापलेटाच्या त्या बैठकीला आलीच नव्हती, मतही तिने घरीच बसून घडी घालून दिलं. लिहिता वाचता येत नाही, म्हणून महिनाभर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी तिला एक ते चार आकडे गिरवायला लावले. तिचा दोन तू बघायला हवास, शेपटी सुरमईसारखी वर उडवते. बाबूच्या क्रेटमधून ती शेपटी वर आली तेव्हाच मला कळलं की हा आईचा कागद. ओळखायचं नव्हतं, पण मीच शिकवलेला आकडा कसा ओळखणार नाही? बाबूला एक, रुकय्याला दोन, सुशांतला तीन, शिवाला चार. मी म्हटलं असेल, म्हाताऱ्या माणसाची आवड. दुपारी घरी आलो तर ती खुशीत. मला म्हणाली, "शिवाक पैकीच्या पैकी दिलंय." मी जेवता जेवता थांबलो. तिने मार्क दिले होते, दाऊद. चारपैकी. शिवाला चार, कारण तो तिच्या बहिणीच्या वाडीतला. बाबूला एक, कारण तो कुत्रा बांधत नाही, पण नापास कोणाला करायचं नाही म्हणून एक.

मी वही काढली. तिच्या मनातलं जर कागदावर आलं असतं तर शेवटी रुकय्या वीस आणि शिवा वीस. आणि माझाच नियम अकरा सांगतो की बरोबरी झाली तर पहिल्या फेरीत ज्याची मतं कमी तो बाद. म्हणजे रुकय्या बाद. सतरा नियम लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या आईला आकड्यांचं वळण शिकवलं, शेपटीसकट, आणि एक म्हणजे सगळ्यात आवडता, एवढंच सांगायचं राहिलं. मला वाटलं, एवढं कोणालाही कळतं. मोजणीत चूक नाही, कागदावर जे होतं तेच मोजलं. तरी मी ताट बाजूला सारलं. शेवटी तिला सगळं सांगितलं, कारण मत तिचं होतं. ती हसायलाच लागली. "जा लिवलंय ता लिवलंय," म्हणाली. "रुकय्या करतली बरा." मग ताट पुढे सरकवत तिने विचारलं, "तुमच्या दोघांच्या वेळेक ह्या असता, तर तू दोन कोणाक लिवतलं होतंस?" मी वही मिटली. ती म्हणाली, "दाऊदाक कळव."

म्हणून हे पत्र. बारा वर्षांपूर्वीच्या त्या निवडणुकीत तुला तेरा, मला तेरा, शिवाला पंधरा. ती सव्वीस तुझी आणि माझी होती. लोक म्हणतात आपण दोघं हरलो, पण मी आकडे पुन्हा पुन्हा मांडलेत आणि ते तसं सांगत नाहीत. आदल्या संध्याकाळी तू माझ्या अंगणात आला होतास. तू म्हणालास, "सत्या, दोघांतल्या एकान मागे सरूक व्हया." मी इंजिनातून डोकं वर न काढता म्हटलं, "मगे तू सर." तू सरायलाच आला होतास, हे मला रुकय्याने चार वर्षांनी सांगितलं. तुला फक्त मी मान वर करून बघायला हवं होतं. त्यानंतरच मी ही मोजणी शिकलो, त्याआधी मला तिची गरज वाटली नव्हती. पौर्णिमेपासून रापण लागेल. डाव्या दोराला पुढून तिसरी तुझी जागा होती, तिथे अजूनही एक माणूस कमी धरूनच दोर ओढतात, मी बघतो रोज. आता तो कागद उघड. मतपत्रिका आहे, प्रश्न वर लिहिलाय, "चूक कोणाची?" खाली वर्णानुक्रमाने दोन नावं, दाऊद आणि सत्यवान. तुझ्या नावासमोर कोरं आहे. माझ्या नावासमोर जांभळ्या पेनाने एक लिहिलाय. आणि हे मार्क नव्हेत.

तुझाच,
सत्या